खांबावरचा कोट

१

मेलेल्या कोकराचं कातडं उतरवायला व्हर्ना ब्रेक्केला एक कप कॉफी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागायचा. एप्रिल महिना, मेंढ्या व्यायचे दिवस. मोंटानाच्या त्या उघड्या माळावर व्यायचे दिवस म्हणजे जन्मापेक्षा मरणाचीच धांदल जास्त. सोमवारी सकाळी तिचे हात कोपरापर्यंत माखलेले होते आणि तोंडाने नवऱ्याला बोलणं चालू होतं.

"धर ना नीट. बायकोला मदत करतोयस, फोटो काढून घेत नाहीयेस."

हाल्वरने पोरकं कोकरू दोन्ही हातांत वर धरलं. त्याची आई पहाटे गेली होती. शेजारच्या कप्प्यातल्या कानफाट्या म्हाताऱ्या मेंढीचं पिल्लू जन्मतःच मेलेलं होतं. आईविना पोर आणि पोराविना आई, पण दोघांना नुसतं समोरासमोर ठेवून भागत नाही. परक्या पिलाला मेंढी ढुशा देऊन जिवे मारते. म्हणून मेलेल्याचं कातडं जिवंताला घालायचं, चार पायांना चार भोकं, अंगरख्यासारखं. मग दोघांना चार हातांच्या लाकडी कप्प्यात कोंडायचं. मेंढी हुंगते, आपलंच म्हणते आणि पाजते. तीन-चार दिवसांत तिच्या दुधाचा वास पिलाच्या अंगाला येऊ लागतो. मग कातडं काढून टाकलं तरी चालतं, तोवर पोर तिचं झालेलं असतं.

व्हर्नाने कोकराचं तोंड मेंढीच्या सडाला लावलं आणि दर वर्षी म्हणायची तेच म्हणाली, "पी, बाळा. आपलंच आहे."

मेंढीने मान वळवली. शेपटीपाशी हुंगलं, पाठीवर हुंगलं, क्षणभर थबकली आणि मग गप उभी राहिली.

"बघ," व्हर्ना म्हणाली. "डोळे असून आंधळी. वास आला की झालं हिचं."

"तू तरी मला कशावरून ओळखतेस?"

"वासावरूनच. आठ-आठ दिवस तोच कोट घालून फिरणाऱ्या नवऱ्याला ओळखायला डोळे कशाला हवेत?"

हाल्वर पोट धरून हसला. त्यात तथ्य होतंच. उत्तरेच्या कुंपणापलीकडच्या घळीत कायोटी राहत. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान, आणि अक्कल दोघांना विकून येतील इतकी. बंदुकीला ते भीत नसत, माणसाच्या वासाला मात्र भीत. म्हणून हाल्वर दर वसंतात जुने कोट काढी, एकेक कोट आठवडाभर घामाघूम होईस्तोवर वापरी आणि न धुता कुंपणाच्या खांबांवर चढवून ठेवी. यंदा सात खांबांवर सात कोट होते. लांबून पाहिलं तर सात हाल्वर राखणीला उभे.

रेडिओवर बर्फाचा इशारा आला होता. उत्तरेच्या कुरणात अजून वीस मेंढ्या होत्या. हाल्वरने घोडीवर खोगीर चढवलं तेव्हा व्हर्ना घरातून मोहरीच्या रंगाचा जाड कॅनव्हासचा नवा कोट घेऊन आली. नाताळला घेतलेला. चार महिने तो 'मेंढ्यांत कशाला खराब करू' म्हणत होता.

"घाल मुकाट्याने. एक दिवस तरी माणसात दिसशील."

त्याने घातला, आणि तिच्यासमोर लग्नातल्या नवरदेवासारखी एक गिरकी घेतली. पंजा चिरल्यामुळे टिप कुत्रा घरीच राहिला होता, तो दारातून भुंकला. ती तिघांची सकाळ अगदी रोजच्यासारखी होती.

२

दुपारी वारा फिरला आणि तासाभरात मेंढवाडा घरातून दिसेनासा झाला. संध्याकाळी घोडी एकटीच परत आली. खोगीर पोटाखाली फिरलेलं होतं.

व्हर्नाने सेल्मर त्वाइतला फोन केला. सेल्मर सहा मैलांवरचा शेजारी, सत्तरीचा, बायको वारल्यापासून कुत्र्यांशी बोलणारा, पण माळाचा कण न् कण जाणणारा. तो म्हणाला, "पोरी, आत्ता कुणाला बाहेर काढलं तर एकाच्या जागी पाच शोधावे लागतील. उजाडू दे."

उजाडलं, पण बर्फ थांबला नाही. मंगळवारी दुपारी जरा उघडीप होताच अकरा माणसं निघाली आणि दोन तासांत परत फिरली. बुधवारी सकाळी वादळ ओसरलं. पंधरा माणसं, सहा घोडे आणि एक बर्फ सारणारा ट्रॅक्टर असे उत्तरेकडे पसरले. व्हर्ना मेंढवाड्यात राहिली. मेंढ्या कुणाचं दुःख पाहून व्यायच्या थांबत नाहीत. ती हातांनी कोकरं ओढत होती आणि मनातल्या मनात देवाशी भांडत होती, शेजारणीशी भांडावं तसं.

बुधवारी बाराच्या सुमाराला टिप भुंकला.

उत्तरेच्या फाटकातून एक माणूस चालत येत होता. हळू, पाय ओढत, डोकं खाली. अंगात तपकिरी कोट, डाव्या खिशाला लाल दोऱ्याचं ठिगळ. ते ठिगळ व्हर्नानेच लावलेलं होतं. टिप लंगडत त्याच्याकडे धावला, कोटाच्या टोकाला नाक लावलं आणि आनंदाने मुतला.

व्हर्ना धावत गेली आणि त्या कोटाला मिठी मारली. घाम, लोकर, तंबाखू. हाल्वर. ती इतक्या जोरात रडली की मेंढवाड्यातल्या मेंढ्याही ओरडायच्या थांबल्या.

त्याला चुलीपाशी बसवून तिने पहिलं काम केलं ते फोनचं. सेल्मरच्या घरी त्याची सून बसली होती, ट्रॅक्टरवाल्यांना निरोप द्यायला.

"सापडला," व्हर्ना म्हणाली. "माणसांना घरी पाठव. सगळ्यांना."

३

रस्ते बंद होते. डॉक्टरने फोनवरच सांगितलं: चोळू नका, ऊब द्या, साखर घातलेलं कोमट दूध चमच्याने पाजा, हातापायांना सैल पट्ट्या, आणि तीन दिवस निजवून ठेवा. स्वयंपाकघराला लागून एक अरुंद खोली होती. अशक्त कोकरं चुलीच्या उबेला ठेवायची ती खोली. व्हर्नाने तिथं खाट टाकली.

चेहरा पाहवत नव्हता. गाल काळेनिळे, ओठ फाटून सुजलेले, डोळे सुजेत बुडालेले. बूट कुठं गेले कोण जाणे. पायांना गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि आत पाय सुजून लांबडे झालेले. तिने डोळ्यांतलं पाणी आवरत तेल लावलं आणि पट्ट्या बांधल्या. कोट तेवढा काढू देईना. ती बटणाला हात लावायची आणि तो पट्टी बांधलेल्या मुठीने गळ्यापाशी कोट आवळून धरायचा.

हा तर खांबावरचा कोट, हे तिच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. त्यात नवल काय? थंडी वाजली, कुंपणापाशी पोचला, समोर दिसला तो चढवला. तिनंही तेच केलं असतं. मोहरी रंगाचा कोट कुठं आहे हे तिने विचारलं नाही. जीव वाचला, कोट गेला खड्ड्यात.

चमच्याने दूध पाजताना तिच्या तोंडून सवयीनं आलं, "पी, बाळा. आपलंच आहे." आणि ती स्वतःशीच हसली.

तो सगळं दूध प्यायला. मग पहिल्यांदा बोलला. घोगरा, घासलेला, पण आवाज हाल्वरचाच.

"व्हर्ना. इकडे. पाय मोडलाय माझा."

ती दचकली. पांघरूण काढून दोन्ही पाय चाचपले, घोट्यापासून मांडीपर्यंत. कुठं मोड नाही, कुठं लचक नाही. या पायांवर तो चालत आला होता.

"अरे, धड आहेत दोन्ही. तापात बडबडतोयस."

"व्हर्ना. इकडे. पाय मोडलाय माझा."

दुसऱ्यांदाही शब्द अगदी तसेच आले, मधला दमही तिथेच तुटला. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता.

संध्याकाळी तिने बटाटे सोलायला घेतले आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कायोटी ओरडले नव्हते. रोज दिवस मावळताना घळीतून त्यांची कुई सुरू व्हायची, एकाचं ऐकून दुसरा, दुसऱ्याचं ऐकून दहा. त्यावर तिचं घड्याळ लावलेलं होतं, कुई झाली की बटाटे चुलीवर. वादळातल्या दोन्ही संध्याकाळीही वाऱ्यातून ते ऐकू आले होते. आज आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि माळ नुसता गप्प.

बरं झालं, बला टळली, असं ती मनाशी म्हणाली. पण सुरी हातात तशीच धरून बराच वेळ खिडकीशी उभी राहिली.

४

गुरुवारी सकाळी व्हर्ना मेंढवाड्यातून आली तेव्हा टिप घरात नव्हता. पायरीखालच्या पोकळीत जाऊन बसला होता. तिने ओढलं तर गुरगुरला नाही की शेपटी हलवली नाही, नुसता अंग चोरून बसला. काल पट्टी बदलताना कुत्र्याने उघडा हात हुंगला होता, तेवढं तिला आठवलं. "पंजा दुखत असेल," ती म्हणाली. या बाईने त्या दोन दिवसांत इतक्या गोष्टींना इतकी शहाणी कारणं दिली की वकिलाने तिच्याकडे शिकवणी लावावी.

दहाच्या सुमाराला सेल्मर आला. हातात बटाट्याच्या पोळ्यांचा डबा.

"कुठाय आमचा थिजलेला कोंबडा? कायोटींनासुद्धा पचला नाही म्हणे!"

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."

सेल्मर टोपी काढून आत गेला. दोनच मिनिटांत बाहेर आला आणि टेबलाशी बसला. व्हर्नाने कॉफी ओतली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सापडला. माणसांना घरी पाठव. सगळ्यांना." सेल्मरने खांदे उडवले. "मी म्हटलं, बाबा, कालच पाठवले. तर पुन्हा तेच. मेंदूला थंडी बसली की होतं असं. माझा मामा महिनाभर घोड्याचंच नाव घेत होता."

व्हर्नाच्या हातातली किटली कपावर तशीच राहिली. तो फोन तिने केला तेव्हा तो चुलीपाशी बसलेला होता. ऐकलं असेल. ऐकलेलं तोंडात बसलं असेल. त्यात काय?

"तुला एक गंमत सांगू?" सेल्मर म्हणाला. "येताना वरच्या वाटेनं आलो. तुमच्या घळीच्या काठावर कायोटी बसलेत. चौदा मोजले मी. दिवसाढवळ्या! हवेत बार काढला, तर कान हलवले फक्त."

"मेंढी मेली असेल एखादी."

"मेली असती तर खाल्ली असती की. बसतील कशाला?" त्याने पोळीला लोणी फासलं. "नुसते बसलेत. खाली तोंडं करून. पाहुण्यांची पंगत वाढायची वाट बघावी तसे."

दोघंही हसले. सेल्मर निघताना म्हणाला, घळ बर्फानं भरलीय, दोन दिवस कुणी उतरू नये, तुझ्या वीस मेंढ्या गेल्या म्हणूनच समज. व्हर्ना म्हणाली, मेंढ्या जाऊ देत, माणूस घरी आला.

५

गुरुवारची दुपार आणि संध्याकाळ तिने मन लावून ऐकण्यात घालवली. ऐकायचं नाही असं ठरवून माणूस ऐकतो, तसं.

खोलीतून अधूनमधून आवाज येई. "धड आहेत दोन्ही." "पट्टी सैल झालीय का?" "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय." सगळं हाल्वरच्या आवाजात. सुरुवातीला तिला बरं वाटलं, सुधारतोय म्हणून. मग भांडी घासताना तिचे हात मंदावले. दोन दिवसांत तिने आधी म्हटलं नाही असं एकही वाक्य तो बोलला नव्हता.

एकच सोडून. पाय मोडलाय, असं ती कधी म्हणाली नव्हती.

आजारी माणूस आहे, तिने स्वतःला बजावलं. तीस वर्षं ज्याच्याशेजारी झोपलीस त्याच्यावर संशय घेतेस, लाज नाही वाटत? आणि तिला खरोखरच लाज वाटली. ती आत गेली, खाटेवर बसली, कोटाच्या खांद्यात नाक खुपसलं. घाम, लोकर, तंबाखू. भीती तेवढ्यापुरती विरघळली. फक्त आता त्या वासात आणखी एक वास होता. कोमट दुधाचा.

त्याही संध्याकाळी माळ गप्पच होता.

६

शुक्रवारी सकाळी कानफाट्या मेंढीच्या कोकराचं कातडं काढायची वेळ झाली. चार दिवस झाले होते, कातड्याला घाण येऊ लागली होती. व्हर्नाने कात्रीनं पोटाखाली कापलं आणि ते ओलं लक्तर ओढून काढलं. आतून निघालं ते कोकरू अगदी दुसरंच. रंग वेगळा, चण वेगळी, तोंडावर काळा पट्टा. मेंढीने हुंगलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश हुंगलं. मग पाय फाकवून उभी राहिली आणि कोकराने सड तोंडात घेतला.

एरवी व्हर्नाला हा क्षण फार आवडायचा. आज तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती लक्तर तिथंच टाकून बाहेर पडली आणि उत्तरेच्या कुंपणाकडे चालू लागली.

ऊन पडलं होतं, बर्फ वरून कडक आणि आतून भुसभुशीत झाला होता. खांबांवर सहा कोट होते. सातवा खांब उघडा. बरोबर होतं, तो कोट घरी होता. हे पाहायलाच ती आली होती ना? पाहिलं, झालं, आता परत जावं.

पण थंडीनं कुडकुडणारा माणूस अंगातला जाड नवा कोट काढून जुना कशाला घालेल? वर चढवेल. दोन्ही घालेल. गोठत आलेली माणसं शेवटी कपडे फेकतात, असं सेल्मर सांगायचा, तेही तिला आठवलं. मग फेकलेला कोट इथंच कुठंतरी पडलेला असायला हवा. तिने चहूकडे पाहिलं. मोहरीचा रंग कुठंच नव्हता.

खांबाच्या आडोशाला, जिथं वारा पोचला नव्हता, तिथं बर्फात एक ठसा गोठून राहिला होता. एकच. अनवाणी पायाचा, घळीकडून आलेला. टाच फार लांब होती. वितळला की ठसा पसरतो, हे तिला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. तरी तिने त्याशेजारी आपलं पाऊल ठेवून पाहिलं आणि लगेच उचलून घेतलं.

घळीच्या काठावर कायोटी बसले होते. तिला पाहून ते पळाले नाहीत. एकेक करून उठले, अंग झटकलं आणि दोन्ही बाजूंना सरकले. मध्ये वाट राहिली.

ती बसून, घसरत, हातांनी झुडपं धरत खाली उतरली.

कड्याच्या पोटात, जिथं बर्फ पोचत नाही, तिथं मोहरीच्या रंगाचा कोट होता. कोटात हाल्वर होता. दोन मेंढ्या त्याला दोन्ही अंगांनी चिकटून बसलेल्या, एक मेलेली, एक जिवंत. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला. मांडीशेजारी मातीत काड्यापेटीतल्या काड्या ओळीनं रोवलेल्या होत्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चार.

चौथी काडी आजची होती.

व्हर्नाने त्याचा हात हातात घेतला. हात थंड होता, पण ताठला नव्हता. तिने वाकवली तशी बोटं वाकली, पण त्याचा श्वास थांबलेला होता.

कुणीतरी फार मोठ्यानं ओरडलं. ते आपणच, हे तिला घसा दुखल्यावर कळलं. बुधवारी पंधरा माणसं होती. सहा घोडे होते. तिच्या एका फोनवर ती परत गेली होती. आणि निरोप तर तिला पोचलेला होता. शब्दन् शब्द पोचलेला होता, त्याच्याच आवाजात, तिच्याच घरात. व्हर्ना. इकडे. पाय मोडलाय माझा. तिने पाय चाचपले होते. भलत्याचे.

तिने आपली शाल काढून त्याच्या तोंडावर घातली. जिवंत मेंढी हलली नाही, कोटाला नाक लावून बसून राहिली.

७

घर दिसू लागलं तेव्हा दुपार कलली होती. धुराड्यातून धूर निघत होता. तिने सकाळपासून चुलीत लाकूड घातलं नव्हतं.

पळून जावं, घोडी काढावी, सेल्मरचं घर गाठावं, असं डोकं सांगत होतं. पण घोडी मेंढवाड्याच्या पलीकडे होती, आणि फोन स्वयंपाकघरात होता. हाल्वरला दिवस मावळायच्या आत वर काढायचं होतं. कायोटींनी चार दिवस वाट पाहिली होती, पाचवा पाहतीलच असं नाही. तेवढ्या एका गोष्टीसाठी ती पायरी चढली.

पायरीखाली टिप नव्हता. तो आत चुलीपाशी पसरला होता. तिला पाहून त्याची शेपटी जमिनीवर दोनदा आपटली.

अरुंद खोलीचं दार उघडं होतं. खाटेवर कुणी नव्हतं, पांघरुणाची नीट घडी घातलेली, ती घालायची तशी. दाराजवळच्या खुंटीवर तपकिरी कोट टांगलेला होता. बटणं सगळी काढलेली. शेजारी पट्ट्यांची गुंडाळी.

व्हर्नाने भिंतीवरचा फोन उचलला आणि सेल्मरचा नंबर फिरवला. पाठ खोलीकडे होती. वळायचं नाही, एवढंच तिने ठरवलं.

"हॅलो? कोण, व्हर्ना? काय गं?"

तिने रिसीव्हर कानाशी दाबून धरला.

मागे फळी करकरली. मग त्यापुढची. स्वयंपाकघरातल्या फळ्या तिला तोंडपाठ होत्या. खोलीच्या दारातली, टेबलाजवळची, चुलीजवळची. टिपची शेपटी पुन्हा आपटली. आता तिच्या मागे, अगदी हातभर अंतरावर, कुणीतरी उभं होतं आणि सावकाश श्वास घेत होतं.

तिने वासाची वाट पाहिली. रक्ताची, रानाची, कायोटीच्या बिळासारखी उग्र घाण येईल आणि आपण किंचाळू, असं तिला वाटलं होतं. आला तो वास वेगळा होता. तिच्या साबणाचा. तिच्या चुलीच्या धुराचा, तिने तीन दिवस चमच्याने पाजलेल्या दुधाचा. तिच्या उशीचा येतो तसा. तिच्या अंगाने बिचकायला हवं होतं. डोकं किंचाळत होतं, पण अंग बिचकलं नाही. उलट पाठीला ऊब लागली. त्या उबेची तिला मरणाची लाज वाटली आणि ती हवीहवीशीही वाटली.

"पोरी, बोल ना! काय झालं? माणसं घेऊन येऊ का?"

खांद्यावरून एक हात पुढे आला. तिने तो ओझरता पाहिला, फक्त मनगटापर्यंत, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. हातात कप होता.

"पी, बाळा," मागून हाल्वरचा आवाज म्हणाला. "आपलंच आहे."

"व्हर्ना? ऐकतेस ना?"

फोन कानाशीच राहिला. मिटल्या डोळ्यांनी तिने दुसऱ्या हाताने कप घेतला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. दूध कोमट होतं, आणि साखर तिला लागते तेवढीच होती.